कुटुंबमेळाव्यासाठी पळापळीचे सांघिक खेळ सुचवा : वय पाच ते सत्तर, मोकळे रान, एक सकाळ

पुरंदरची लेक :

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आमच्या माहेरच्या सगळ्या शाखांचा मेळावा पुरंदर तालुक्यातील आमच्या शेतावर ठरला आहे. सुमारे चाळीस जण येतील. त्यांत पाच ते पंधरा वर्षांची चौदा-पंधरा मुले, तिशी-चाळिशीतले त्यांचे आईवडील आणि साठी ओलांडूनही खुर्चीत बसून राहायला अजिबात तयार नसलेले काका-आत्या असा सगळा गोतावळा आहे. बाजरी काढून रिकामे झालेले वीसेक गुंठ्यांचे रान, त्याच्या कडेला चिंचेचे एक जुने झाड आणि सकाळी आठ ते साडेअकरा एवढा वेळ हाताशी आहे.

आजवर अशा मेळाव्यांत संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि पोत्याची शर्यत हे ठरलेले कार्यक्रम होत आले. संगीत खुर्चीत जे मूल सगळ्यांत हळू किंवा बुजरे असते तेच पहिल्या फेरीत बाहेर पडते आणि मग पाऊण तास आईच्या पदराशी उभे राहून इतरांचा खेळ पाहत बसते, हे मला कधीच पटले नाही. म्हणून असे खेळ हवे आहेत, ज्यांत भरपूर धावणे आहे, दोन गट किंवा सगळे मिळून खेळता येते, फारसे साहित्य लागत नाही आणि बाद झालेल्याला ताटकळत राहावे लागत नाही. बरीच मुले पुण्यातील सोसायट्यांमध्ये वाढलेली आहेत, दोन भावंडे परदेशातून येणार आहेत, त्यामुळे नियम दोन वाक्यांत सांगता आले तर उत्तम.

क्रिकेट कृपया सुचवू नये. ते कोणी सुचवले नाही तरी सुरू होणारच आहे.

मधली सुट्टी :

ताई, मी सातारा जिल्ह्यात अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या अटींना पुरेपूर उतरणारा पहिला खेळ लगोरी हा आहे. सात चपटे दगड किंवा कौलाचे तुकडे, मोठ्यावर लहान असे रचायचे, एका गटाने ठरलेल्या रेषेवरून चेंडू मारून ती चळत पाडायची आणि दुसऱ्या गटाने चेंडूने टिपण्याआधी ती पुन्हा रचून ‘लगोरी’ म्हणून ओरडायचे, एवढाच मूळ खेळ आहे. फोडण्यासाठी प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि फेकलेला चेंडू एक टप्पा पडून समोरच्याने झेलला तर फोडणारा बाद होतो. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, तो साथीदाराकडे फेकूनच पुढे न्यायचा, हा नियम मात्र कसोशीने पाळावा. तो सुटला की एखादा दांडगा मुलगा एकटाच चेंडू घेऊन सर्वांच्या मागे धावतो आणि बाकीचे आठ जण प्रेक्षक होतात.

आपल्या घोळक्यासाठी मी त्यात तीन बदल सुचवतो. फोडण्याची रेषा एक न ठेवता तीन ठेवा, म्हणजे लहान मुले पाच-सहा पावलांवरून, मोठी मुले दहा-बारा पावलांवरून आणि मोठी माणसे त्याच्या दुप्पट अंतरावरून नेम धरतील. टिपणे फक्त कमरेखाली ग्राह्य धरा. आणि टिपला गेलेला गडी बाहेर बसणार नाही, तो चिंचेच्या झाडाला फेरी मारून पुन्हा खेळात येईल, असे ठरवा. तेवढ्या वेळात त्याच्या गटाचा एक हात कमी होतो, म्हणजे टिपण्याला किंमत राहते आणि मूल मात्र खेळातच राहते. चेंडू टेनिसचा घ्यावा, सात वर्षांखालील मुले असतील त्या फेरीत जुन्या मोज्यात चिंध्या भरून केलेला चेंडू घ्यावा. दगडांऐवजी शहाबादी फरशीचे तुकडे कोणी आणले तर त्यांच्या कडा आधी घासून घ्या, कारण घाईत रचताना बोटे कापतात. सुताराकडून लाकडी चकत्या करून घेतल्या तर त्या पुढच्या दहा मेळाव्यांना पुरतील.

गट पाडण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दोन नायक उभे करून त्यांना एकेक गडी निवडायला लावू नका, कारण शेवटी उरणाऱ्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. आपली जुनी रीत फार शहाणपणाची होती. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले गळ्यात हात घालून बाजूला जात, स्वतःला गुपचूप नावे ठेवत आणि नायकांसमोर येऊन ‘कोणाला हवा आंबा, कोणाला हवा फणस’ असे विचारत. नायक फळ निवडतो, मूल नव्हे. गट आपोआप समतोल होतात आणि कोणीही नकोसे उरत नाही. आपल्या मेळाव्यात जोड्या लावताना काका-काका, आत्या-आत्या, पाचवीतली मुले पाचवीतल्यांबरोबर अशा लावल्या की झाले.

सूरपाटी :

मी यवतमाळचा आहे, तेव्हा आट्यापाट्यांचे नाव मी घेणार हे उघडच आहे. आमच्या विदर्भात हा खेळ अजून टिकून आहे, पश्चिम महाराष्ट्रात मात्र ‘आमचे आजोबा खेळायचे’ एवढेच ऐकू येते. ढकलाढकली नाही, चेंडू नाही, साहित्य शून्य आणि तरीही अंगातला घाम काढणारा असा दुसरा खेळ मला माहीत नाही. हुलकावणी हाच त्याचा प्राण आहे.

पूर्ण खेळात नऊ पाट्या आणि प्रत्येक बाजूला नऊ गडी असतात. आपण पाच पाट्यांवर भागवावे. साधारण आठ पावले लांबीच्या पाच आडव्या रेषा एकामागे एक, दोहोंमध्ये चार-साडेचार पावले अंतर ठेवून आखाव्यात आणि त्या सर्वांना मधोमध छेदणारी एक उभी रेषा काढावी. ही उभी रेषा म्हणजे सूरपाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर अडवणारा एक गडी उभा राहतो आणि त्याला आपली रेषा सोडता येत नाही, फक्त तिच्यावरून डावी-उजवीकडे सरकता येते. सूरपाटीवरचा गडी मात्र उभ्या रेषेवरून पुढे-मागे कुठेही जाऊ शकतो, म्हणून तिथे सगळ्यांत चपळ माणूस द्यायचा. दुसऱ्या गटाने एकेक पाटी चुकवत शेवटपर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. परतलेला पहिला गडी ‘लोण’ म्हणून ओरडला की डाव जिंकला. हात लागला तर मूळ खेळात गडी बाद होतो. आपण त्याला पहिल्या पाटीपासून पुन्हा सुरुवात करायला लावावे, म्हणजे आपली अट पाळली जाते.

ताई, आपल्या साठीच्या काकांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. पाटीवर उभा राहणारा पळत नाही, तो दोन्ही हात पसरून सरकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहत राहतो. आमच्याकडे चांगला पाटीवाला त्याच्या पायांवरून ओळखत नाहीत, नजरेवरून ओळखतात. दहा वर्षांच्या नातवाला आजोबांनी आठ पावलांच्या रेषेवर अडवून धरले की बघणाऱ्यांचीही करमणूक होते.

एक सूचना मात्र ध्यानात घ्यावी. पहिला डाव कोणालाच समजत नाही. त्यामुळे खेळ फसला असे समजून तो बंद करू नका, गट बदलून लगेच दुसरा डाव घ्या. दुसऱ्या डावात मुले स्वतःच एकमेकांना ‘तू इकडून हूल दे, मी तिकडून निघतो’ असे सांगू लागतात.

सांधेजोड :

मी व्यवसायाने भौतिकोपचार करते. वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण मेळाव्यांनंतरच्या सोमवारी आमच्याकडे कोण येते ते मला माहीत असल्यामुळे थोडे सांगावेसे वाटते. मुले फारशी येत नाहीत. येतात ते चाळिशी-पन्नाशीतले वडील, ज्यांनी वर्षभर लिफ्टपर्यंतच धाव घेतलेली असते आणि जे लेकीसमोर एकदम पूर्ण वेगाने पळतात. मांडीच्या मागचा स्नायू, पोटरी आणि टाचेवरची घोडशीर ही तीन ठिकाणे अशा वेळी ताणली जातात, क्वचित घोडशीर तुटतेही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचालीची शिफारस केली आहे. जी मुले रोज एवढे खेळतात त्यांना ही सकाळ विशेष जड जाणार नाही. मोठ्यांनी मात्र पहिली दहा-पंधरा मिनिटे रानाला भरभर चालत फेऱ्या घालाव्यात, मग हळू पळावे, गुडघे उचलत जागच्या जागी चालावे आणि त्यानंतरच खेळात उतरावे. थंड अंगाने, उभ्या उभ्या वाकून पायाचे अंगठे धरण्याचा प्रयत्न म्हणजे अंग मोकळे करणे नव्हे.

बऱ्याच ठिकाणी मुलांशी बरोबरी साधावी म्हणून मोठ्यांना लंगडी घालत खेळायला लावतात. कृपया तसे करू नये. लंगडीत शरीराचा सगळा भार एका घोट्यावर आणि एका गुडघ्यावर वारंवार आदळतो आणि नांगरटीच्या जमिनीवर तर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. त्याऐवजी पंचेचाळिशीच्या पुढच्यांना फक्त भरभर चालण्याची परवानगी ठेवा. एक पाऊल कायम जमिनीवर टेकलेले पाहिजे, पळताना दिसले की राज्य. या नियमावर लक्ष ठेवायचे काम सहा-सात वर्षांच्या मुलांना द्या. त्यांच्याइतका कडक पंच मिळणार नाही. मोठ्यांनी डाव्या हाताने चेंडू फेकायचा, हा दुसरा चांगला उपाय आहे.

पायांत नाडीचे बूट हवेत, चपला-सँडल नकोत. घोटा मुरगळलाच तर त्या व्यक्तीचा खेळ तिथेच थांबवावा, पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि ‘जरा चोळून देतो, मोकळा होईल’ म्हणणाऱ्या काकांना लांब ठेवावे. पाय टेकवताच येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

पुरंदरची लेक :

सर्वांचे आभार. सूरपाटी दादा, आट्यापाट्या घ्यायच्याच असे आजच ठरवून टाकले. सांधेजोड ताई, चालण्याचा नियम वाचून आमच्या धाकट्या काकांनी आतापासूनच हरकत घेतली आहे, म्हणजे तो बरोबर असणार.

दोन शंका आहेत. पाच वर्षांच्या मुलांना कच्चा लिंबू करायचे हे समजते, पण सात-आठ वर्षांच्यांना तसे म्हटले की ती रडकुंडीला येतात, मग त्यांचे काय करावे? आणि आमचे दोन मेहुणे कबड्डीचा आग्रह धरून बसले आहेत.

मधली सुट्टी :

कच्चा लिंबू ही आपल्या गल्लीतल्या खेळांतली फार मोठी सोय आहे. तो गटात असतो, पळतो, ओरडतो, पण त्याला पकडले तरी राज्य येत नाही, आणि त्यामुळे मोठ्या मुलांचा खेळ थांबवावा लागत नाही. पण आपण मांडलेली अडचण खरी आहे. सातव्या-आठव्या वर्षी मुलाला सवलत हवी असते, पण ती सवलत आहे हे इतरांना कळायला नको असते. त्यांना ‘दोन जीव’ द्या. पहिल्यांदा टिपले तर एक जीव गेला, दुसऱ्यांदा टिपले तर चिंचेला फेरी. शब्द बदलला की अपमान उरत नाही आणि आणखी वर्षभरात ती मुले स्वतःहून ‘मला एकच जीव’ असे सांगतात. पाच वर्षांच्यांनाही दर दोन डावांनी एकदा खरे राज्य द्यावे. अशा वेळी मोठ्यांनी सापडायचे असते, हे मोठ्यांना वेगळे सांगावे लागू नये.

कबड्डी मिश्र गटात नकोच. त्या खेळात पकड आहे, अंगावर अंग पडते आणि म्हणूनच मुलांच्या स्पर्धांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. नव्वद किलोचे मेहुणे आणि तीस किलोचा भाचा एका पाटात नकोत. मेहुण्यांना त्यांच्या वयाच्या गड्यांबरोबर शेवटी वीस मिनिटे द्या, मुलांना कडेने ओरडू द्या. त्यांचा दम आधीच्या खेळांत गेलेला असेल, तेव्हा फार काळजीचे कारण नाही.

नववा गडी :

मी खो-खो खेळलो आहे, आता लहान मुलांना शिकवतो, आणि या धाग्यातल्या मूळ गृहीतकाशी मला थोडा वाद घालायचा आहे. बाद होणे वाईट आणि थांबणे वाईट असे सगळेच धरून चालले आहेत. खो-खोच्या पारंपरिक डावात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी पाटीवर उकिडवे बसलेले असतात आणि एकच धावत असतो. म्हणजे कोणत्याही क्षणी आठ जण थांबलेले आहेत. तरीही त्यांच्यापैकी एकालाही कंटाळा येत नाही, कारण पुढचा ‘खो’ आपल्यालाच मिळेल या तयारीने ते पायांच्या चवड्यांवर असतात, पळणाऱ्याची दिशा वाचत असतात. मूल थांबले की नाही हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे, थांबलेल्या मुलाला काही काम आहे की नाही हा खरा प्रश्न आहे. संगीत खुर्चीत बाहेर पडलेल्याला काहीच काम नसते, म्हणून ती रटाळ. याच न्यायाने चिंचेला फेरी मारण्याची मधली सुट्टी यांची युक्ती उत्तम आहे, आणि तुमच्या मेळाव्यात कोणी खरोखर थकले तर त्याला पंच, गुणलेखक किंवा चेंडू परत देणारा करा, नुसते बसवू नका.

आता खेळाविषयी. पूर्ण खो-खो या घोळक्याला झेपणार नाही. ज्या दिशेने उठलो तीच दिशा धरायची, खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, हे नियम नवख्या मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवशी राहत नाहीत. त्याऐवजी उभा खो घ्या. दोन-दोन जण एकामागे एक असे उभे राहून सर्वांनी मोठे रिंगण करायचे. एक पळणारा, एक पकडणारा. पळणारा दमला किंवा घेरला गेला की तो कोणत्याही जोडीच्या पुढे येऊन उभा राहतो, आणि तिथे तीन झाल्यामुळे सर्वांत मागचा गडी त्याच क्षणी पळू लागतो. हात लागला की भूमिका उलटतात, म्हणजे पळणारा पकडणारा होतो. चाळीस जणांत सत्तरीची आत्या आणि सहा वर्षांची नात अशी जोडी उभी राहू शकते. आत्याला पळायची पाळी आली तर तिने दोन पावले टाकून शेजारच्याच जोडीपुढे उभे राहावे, नियमात बसते. मोठ्या संख्येत दोन पळणारे आणि दोन पकडणारे ठेवले तर रिंगण जागे राहते.

मुलांना खरा खो-खो दाखवायचा असेल तर आधीच्या रात्री पहिल्या विश्वचषकाची चित्रफीत लावा. जानेवारी २०२५मध्ये नवी दिल्लीत तो झाला, भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. वर्गातल्या मुलांना मी ती दाखवली तेव्हा दुसऱ्या दिवशी सूर मारायला कोणी शिकवावे लागले नाही, उलट थांबवावे लागले. तुमच्या रानात सूर मारायला बंदी ठेवा.

बांधावरचा :

खेळ भरपूर झाले, आता रानाबद्दल कोणीतरी बोलले पाहिजे.

बाजरी काढल्यावर जमिनीत जी धसकटे राहतात ती वाळून टोकदार होतात आणि पडलेल्या मुलाच्या गुडघ्यात किंवा तळहातात सरळ घुसतात. मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी रानात रोटाव्हेटर फिरवून घ्यावा आणि वरून फळी मारून जमीन सपाट करावी. नुसता रोटाव्हेटर मारून सोडले तर माती भुसभुशीत राहते, पाय रुततो आणि मग सांधेजोड ताईंचा सोमवार उजाडतो. दोन दिवस आधी हलके पाणी शिंपडले तर माती बसते आणि धूळही उडत नाही, पण भिजवण करू नका, चिखल होईल. सराट्याचे काटे आणि कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या यांसाठी आदल्या संध्याकाळी मोठ्यांनी ओळीत चालत एकदा सगळे रान पायाखालून घालावे. ठिबकच्या नळ्या आणि त्यांच्या खुंट्या गोळा करून बांधावर ठेवाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या भागात जवळपास प्रत्येक वस्तीवर विहीर किंवा शेततळे आहे. जुन्या विहिरींना पुष्कळदा कठडा नसतो. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते आणि ते ओले झाले की इतके निसरडे होते की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही आधाराशिवाय वर चढता येत नाही. ज्या शेतावर या दोहोंपैकी काही असेल तिथे, खेळ कोणताही असो, एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ फक्त त्याच बाजूला उभा करावा आणि दर तासाला तो बदलावा. शेततळ्याच्या काठावर खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा.

हे सांगण्याचे कारण असे की मुले डबा ऐसपैस मागणारच, आणि मागावीच, कारण शेतावर त्याची गंमत सोसायटीच्या पार्किंगमध्ये येत नाही. एकाने डबा लांब फेकायचा, राज्य असणाऱ्याने तो आणून वर्तुळात ठेवेपर्यंत सर्वांनी लपायचे. कोणी दिसला की त्याचे नाव घेऊन डबा आपटत ‘ऐसपैस’ म्हणायचे, आणि तेवढ्यात कोणी मागून येऊन डबा उडवला तर पकडलेले सगळे सुटतात. मुले एकमेकांचे सदरे अदलाबदल करून मुद्दाम नुसती पाठ दाखवतात, राज्यवाला चुकीचे नाव घेतो आणि ‘अंडं फुटलं’ असा गिल्ला होतो. हा प्रकार कोणी शिकवत नाही, प्रत्येक पिढी तो स्वतः शोधून काढते. लपण्याची हद्द मात्र आधी सर्वांना चालवून दाखवा. अमुक बांधाच्या पलीकडे नाही, कडब्याच्या गंजीत नाही, कारण तिथे विंचू आणि साप असतात, आणि गोठ्यात नाही, कारण अनोळखी मुले अंगावर आली की जनावरे बिचकतात. डबा जाड प्लास्टिकचा न घेता पत्र्याचा घ्यावा, आवाजात निम्मा खेळ आहे, फक्त त्याची कापलेली कड ठोकून आत वळवून घ्या.

राईनकाठ :

आम्ही जर्मनीत राहतो आणि दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन गावी येतो, म्हणून परदेशातून येणाऱ्या त्या दोन भावंडांच्या बाजूने एवढेच सांगते की सकाळची सुरुवात लगोरीने करू नये. त्यात बोलणे फार आहे आणि ज्याला ‘फोड, रच, टिप’ हे शब्द क्षणात समजत नाहीत ते मूल गोंधळून कडेला जाते. पहिला खेळ साखळीचा असावा. एकावर राज्य, तो ज्याला शिवेल त्याने हात धरायचा, चार जण झाले की साखळी दोन-दोनमध्ये तुटायची. भाषा लागत नाही, सगळे पळतात आणि अनोळखी चुलत भावाचा हात धरावा लागतो, हे त्यातले खरे काम. त्यानंतर विष-अमृत घ्यावे. शिवले आणि ‘विष’ म्हटले की पुतळा, आपल्यातल्या कोणी शिवून ‘अमृत’ म्हटले की सुटका. आमच्या मुलांनी हे दोन शब्द तिकडच्या शाळेच्या मैदानावरही नेले.

पुरंदरची लेक :

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले आहे की आता आखणी जवळपास पूर्ण झाली आहे. आठ वाजता मोठ्यांच्या फेऱ्या, मुलांची साखळी आणि मग विष-अमृत. नऊच्या सुमाराला सर्वांचा उभा खो. मग पाणी, गूळ-शेंगदाणे आणि थोडी विश्रांती. त्यानंतर आंबा-फणस करून गट पाडायचे, एका बाजूला लगोरी, दुसऱ्या बाजूला आट्यापाट्या, अर्ध्या तासाने अदलाबदल. मेहुण्यांची कबड्डी उन्हे चढायच्या आत उरकायची. डबा ऐसपैस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. विहिरीच्या पाळ्या लावण्याचे काम माझ्या थोरल्या भावाने घेतले आहे, शिवाय शेततळ्याला या आठवड्यात जाळीचे कुंपण होत आहे.

शेवटचे दोन प्रश्न. रेषा कशाने आखाव्यात? आणि रस्सीखेच सगळ्यांनाच हवी आहे, ती कुठे बसवावी?

मधली सुट्टी :

शाळेत आम्ही फक्की वापरत असू, पण आपल्याकडे मुले मातीत लोळणार. दुकानात फक्की म्हणून चुन्याची भुकटी मिळण्याची शक्यता असते आणि ती डोळ्यांत गेली तर इजा होते. पांढरी रांगोळी घ्यावी, चार-पाच किलो पुरेल. तळाला भोके पाडलेला डबा हलवत चालले की रेषा सरळ पडते. आट्यापाट्यांच्या पाट्या मात्र पायांनी लगेच पुसल्या जातात, त्यांच्यासाठी सुतळी जमिनीलगत घट्ट ताणून बांधू नका, पाय अडकतो. त्याऐवजी कुदळीने बोटभर खोल चर ओढून त्यात रांगोळी भरावी.

रस्सीखेच सर्वांत शेवटी, कबड्डीनंतर घ्यावी, कारण तिच्यानंतर कोणाच्याही हातांत चेंडू फेकण्याची ताकद राहत नाही. १९०० ते १९२० या काळात हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता आणि स्पर्धेत एका बाजूला आठ गडी असतात, तेव्हा चाळीस जणांना एकाच दोरावर लोंबकळू देऊ नका. आठ-आठ किंवा दहा-दहाच्या फेऱ्या करा आणि दोन्ही बाजूंना वजनाचा अंदाज घेऊन माणसे द्या. दोर सुती असावा, मुठीत नीट बसेल एवढा जाड. ट्रॅक्टरला लावलेला जुना नायलॉनचा दोर तर नकोच, तो हात सोलतो आणि तुटला तर चाबकासारखा उलटून येतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, बोटांत अंगठी ठेवायची नाही आणि जिंकणाऱ्यांनी किंवा हरणाऱ्यांनी तो एकदम सोडायचा नाही, या तीन गोष्टी शिट्टी वाजवण्याआधी दोन्ही बाजूंकडून मोठ्याने वदवून घ्याव्यात. जागा म्हणाल तर चिंचेपासून लांब, रानाच्या मधोमध, जिथे मागे पडले तरी डोक्याला बांध किंवा दगड लागणार नाही अशी निवडावी.